कांटेझुडपाची सावली
(शास्ते, अध्याय 9, ओव्या 7 ते 15)



गिरिज्जीम डोंगराच्या माथ्यावरून योथामानें शखेमकरांस झाडांची एक गोष्ट सांगितली. झाडांस राजा हवा होता. तीं प्रथम जैतुनाकडे गेलीं, मग अंजिराकडे, मग द्राक्षवेलीकडे. तिघांनींहि नकार दिला. कारण प्रत्येकापाशीं चांगलें काम होतें. एकास आपलें तेल सोडवेना, दुसऱ्यास आपलें गोड फळ, तिसरीस आपला रस. शेवटीं झाडांनीं कांटेझुडपास विचारिलें. तें तत्काळ तयार झालें. आणि ज्यापाशीं सावली नाहीं, त्यानेंच सर्वांस आपल्या सावलींत बोलाविलें.

कांटेझुडूप बळानें राजा झालें नाहीं. चांगल्यांनीं जागा रिकामी ठेविली, म्हणून झालें. आपणांपैकीं बहुतेकांस कोणी राज्य करा असें म्हणत नाहीं. घटकाभर रांगेंत उभे राहून मत द्या, एवढेंच देश मागतो. इतकें लहान काम जो नाकारितो, त्यानें आपणांस त्या तीन झाडांहून शहाणें समजूं नये.

ठाणें जिल्ह्यांतील उत्तन गांव पहा. एका बाजूस दर्या, होड्या व वाळत घातलेली मासळी. दुसऱ्या बाजूस धावगीचा डोंगर. हें गांव 2002 सालीं स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेंत मोडतें. साऱ्या नगराचा कचरा वर्षानुवर्षें त्या डोंगरावर नेऊन टाकण्यांत आला, आणि दुर्गंधि, धूर व शेतांत झिरपणारें घाण पाणी यांविषयीं गांवकरी तक्रार करीत आले. कचरा कोठें जावा हें दर्या ठरवीत नाहीं, डोंगरहि ठरवीत नाहीं. तें महानगरपालिकेच्या सभागृहांत ठरतें. त्या सभागृहाच्या 95 जागांसाठीं 20 ऑगस्ट 2017 रोजीं मतदान झालें, तेव्हां नगरांतील शंभर मतदारांपैकीं सुमारें 47 च आले. ऑगस्ट 2022 मध्यें त्या सभासदांची मुदत संपली, आणि पुढील निवडणूक 15 जानेवारी 2026 रोजीं झाली. मध्यंतरीं तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकानें कारभार पाहिला. गाऱ्हाणें नेण्यास लोकांनीं निवडलेला एकहि सभासद नव्हता. मत देण्याचा प्रसंगच न येणें म्हणजे काय, हें त्या नगरानें अनुभविलें आहे.

20 मे 2024 रोजीं लोकसभेसाठीं ठाणें मतदारसंघांत शंभरांपैकीं सुमारें 52 जणांनीं मत दिलें. त्याच निवडणुकींत गडचिरोली-चिमूरच्या रानांतून सुमारें 72 जणांनीं दिलें. मतपेटीचें अंतर केवळ पायांनीं मोजावयाचें नसतें. ऑस्ट्रेलियांत 1922 सालीं शंभरांपैकीं साठांहूनहि कमी मतदार आले. 1924 सालीं सक्तीचा कायदा झाला, आणि 1925 सालीं 91 हून अधिक आले. अमेरिकेंत अशी सक्ती नाहीं. तेथें 2014 सालीं केवळ कायदेमंडळाच्या निवडणुकीस चाळीसहि आले नाहींत. 2020 सालीं अध्यक्ष निवडावयाचा होता तेव्हां सुमारें 66 आले. आपल्या देशानेंहि दंडाचें भय घातलेलें नाहीं. हें काम त्यानें आपल्या विवेकबुद्धीवर सोपविलें आहे. देवापुढें जबाब देणाऱ्या माणसास हा भार हलका नव्हे, अधिक जड आहे.

आतां तीन सबबींचा विचार करूं.

पहिली जैतुनाची. कित्येक भाविक म्हणतात कीं, आमचें नागरिकत्व स्वर्गाचें. या जगाच्या राजकारणांत आम्हीं कां पडावें? परंतु हें शिक्षण ज्या पौलानें फिलिप्पैकरांस लिहिलें, त्यानेंच फिलिप्पैच्या तुरुंगांत व पुढें यरुशलेमांत आपलें रोमी नागरिकत्व उघड सांगितलें. स्वर्गाची आशा त्यास पृथ्वीवरील हक्क टाकून देण्याचें कारण वाटली नाहीं.

दुसरी अंजिराची, ती पोटाची आहे, आणि ती हंसण्यासारखी नाहीं. 1 जूनपासून मासेमारी बंद होते. 20 मे म्हणजे दर्यांतील शेवटच्या फेऱ्यांचे दिवस. होडींतून मत देतां येत नाहीं, आणि एक फेरी चुकली तर घरांत तुटवडा पडतो. म्हणून तारीख कळतांच नाखव्यानें फेरीचा बेत त्याप्रमाणें करावा, आणि आपल्या खलाशांचें मत बुडूं देऊं नये. शेतमालकानें मजुरांविषयीं असेंच वागावें.

तिसरी द्राक्षवेलीची. सुटी मिळाली म्हणून जो मौजेस जातो, त्यास काय म्हणावें? ती सुटी कशासाठीं दिली हें त्यानें विसरूं नये.

शखेमकरांचें पुढें काय झालें? त्यांनीं बाल-बरीथाच्या देवळांतून अबीमलेखास 70 रुपे दिले. त्या पैशावर त्यानें रिकामटेकडे लोक पोसले, आपल्या भावांस ठार मारिलें, आणि तीन वर्षें लोटल्यावर त्याच नगरांत मीठ पेरिलें. पैशाचें राज्य देणाऱ्यासहि सोडीत नाहीं. जो नोटेसाठीं मत विकतो तो आपल्या लेकरांचें पाणी व वाट विकतो. पांच वर्षें तक्रार करावयास त्यास तोंड राहत नाहीं.

भगिनींनो, तुम्हांस एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं सुमारें 28 लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून वगळावीं लागलीं. कारण त्यांनीं स्वतःचें नांव न सांगतां अमक्याची बायको, अमक्याची आई असें लिहविलें होतें. देव प्रत्येकास नांवानें ओळखितो. तुमच्या देशानेंहि तुम्हांस नांवानें ओळखावें. पति किंवा मुलगा सांगेल तेंच मत, असा कायदा नाहीं. मत गुप्त आहे. तें तुमच्या व देवाच्या मधलें आहे.

गांवोगांवच्या उपदेशकांनीं इतकें करावें. निवडणुकीच्या पुष्कळ आधीं मंडळींतील प्रत्येक घराचीं नांवें यादींत पाहावीं. ज्यास 18 वर्षें पूर्ण झालीं, किंवा जी सून नवी आली, तिचा अर्ज भरावयास साह्य करावें. मयताचें नांव काढवावें. वृद्धांस नेण्याआणण्याची व्यवस्था करावी. परंतु कोणास मत द्यावें हें उपदेशपीठावरून सांगूं नये. मेंढपाळानें कळप पाण्यापर्यंत न्यावा, पाणी ज्याचें त्यानें प्यावें. आणि निवडून आलेल्या कोणासहि कांटेझुडूप म्हणूं नये. त्यासाठीं प्रार्थना करावी, आणि त्याच्या कामाचा हिशोबहि विचारावा.

यिर्मयाच्या 29 व्या अध्यायांत, बाबेलास कैद करून नेलेल्या लोकांस प्रभूनें त्या परक्या नगराचें हित साधण्यास सांगितलें. त्यांस तेथें मत नव्हतें, तरी कर्तव्य होतें. आपणांस आपल्याच गांवांत दोन्ही आहेत. तर पुढच्या वेळीं सभा भरेल तेव्हां आपली जागा रिकामी राहूं नये, अशी सुबुद्धि प्रभु सर्वांस देवो. आमेन.