उंबरठ्याबाहेरचा धनको

शास्त्रपाठ : अनुवाद २४:६, १०-१३, फिलेमोन १८-१९



काही वर्षांपूर्वी मंडळीतील एका बंधूला मी हातउसने पैसे दिले. मुदत टळली. तो मला टाळू लागला आणि मी मनात हिशेब मांडू लागलो. एका रविवारी प्रभुभोजनासाठी आम्ही शेजारी गुडघे टेकले, परंतु एकमेकांकडे पाहिले नाही. त्याच आठवड्यात अनुवादाचा चोविसावा अध्याय भाषांतरासाठी माझ्या मेजावर होता.

त्या अध्यायात देव धनकोला ऋणकोच्या दारी जाण्यास मनाई करत नाही. उंबरठा ओलांडण्यास करतो. धनकोने बाहेर उभे राहावे आणि गहाण ऋणकोने स्वतः बाहेर आणावे. गरिबाचे पांघरूण सूर्यास्ताला परत द्यावे. जाते तर गहाण घेऊच नये, कारण त्यावर घराची भाकर अवलंबून असते. येणे मागण्याचा हक्क शास्त्राला मान्य आहे. मात्र माणसाची अब्रू व भाकर ह्यांपाशी तो थांबतो.

आपल्या देशाचा कायदाही ही मर्यादा जाणतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमानुसार, हुकूमनामा झाला तरी ऋणकोचे आवश्यक कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी व कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत.

मग येणे कसे मागावे? प्रथम एकांतात बोलावे. न जमल्यास एकदोन वडीलधाऱ्यांना सोबत घ्यावे. मत्तय १८ मधील क्रम येथेही लागू पडतो. जे ठरेल ते लिहून घ्यावे. लेखी मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. अनेसिमाचे देणे अंगावर घेताना पौलाने ते स्वहस्ते लिहून दिले. शिवाय हातउसन्या रकमेचा दावा १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. त्या अवधीत ऋणकोने सहीनिशी देणे कबूल केले, तर मुदत नव्याने सुरू होते. बोलणे फिसकटले, तर लोकअदालत आहे. तेथे न्यायालयीन शुल्क लागत नाही आणि झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते. भावाने भावाला न्यायालयात खेचण्याविषयी पौलाला वाटलेली खंत ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हा मार्ग अवश्य पाहावा.

आणि आपण स्वतः ऋणको असाल, तर दाराआड लपू नका. अलीशाने विधवेला तेल विकून आधी देणे फेडावयास सांगितले. उरलेल्यावर तिचा व मुलांचा निर्वाह होणार होता. आज पूर्ण रक्कम नसेल, तर निदान खरी परिस्थिती घेऊन बाहेर या.

अखेर मी त्या बंधूच्या दारी गेलो आणि बाहेरूनच हाक मारली. तो रिकाम्या हातांनी बाहेर आला. त्याची नोकरी गेली होती, हे मला ठाऊकही नव्हते. पायरीवर बसून आम्ही हप्ते ठरवले. काही फेडले गेले. उरलेले मी सोडले, आणि सोडल्याचे लिहूनही दिले. मनातले खाते एरवी बंद होत नाही.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तय ६:१२ मध्ये, पापक्षमेसाठी ऋणाचाच शब्द योजला आहे. ज्याचे न फिटणारे ऋण ख्रिस्ताने वधस्तंभावर फेडले, त्याने आपल्या ऋणकोच्या दारी कसे उभे राहावे?

हे प्रभो, मागताना आम्हांला सौम्यता दे, फेडताना सचोटी दे, आणि सोडताना आनंद दे. आमेन.