चोख आणि चोक

थंडीच्या दिवसांत माणसाला अंथरुणातून उठवायला चहा लागतो, तसा मोटारसायकलला चोक लागतो. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ धड होत नाही, म्हणून सुरुवातीला हवेच्या मानाने पेट्रोल जरा सढळ हाताने द्यायचे. हँडलवरची दांडी ओढली की तार ताणली जाते, कार्बोरेटरमधला इवलासा प्लंजर वर उचलला जातो आणि जादा पेट्रोलची वाट मोकळी होते. इंजिन तापले की दांडी सोडायची. स्प्रिंग प्लंजरला खाली दाबते आणि वाट बंद. चहाही असाच एका कपावर थांबावा अशी अपेक्षा असते. आमच्या घरी थांबत नाही, ही गोष्ट वेगळी.

माझी मोटारसायकल १९९६ सालची. २०२१ चा पावसाळा सरला आणि तिला एक खोड लागली. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला १,३००-१,४०० फेऱ्यांवर शांतपणे गुरगुरावे अशी रीत. आमची गाडी सकाळी जी ओरडायला लागायची, ती तापल्यावरही ओरडतच राहायची. दांडी सोडली, ती निमूट जागेवर गेली, तरी आवाज तोच. सिग्नलला उभा राहिलो की शेजारचे स्कूटरवाले माझ्याकडे अशा नजरेने बघत, की या वयात या गृहस्थाला शर्यत लावायची आहे!

नाक्यावरच्या मेकॅनिकने प्लग काढून दाखवला. काजळी धरलेला. मग हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून आवाज बदलतो का ते ऐकले, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची तार निर्दोष सुटली. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाला चीर नव्हती, तोही सुटला. शेवटी त्याने चोकचा प्लंजर बोटाने खाली दाबला मात्र, गाडी एकदम गरीब गाय झाली.

"दांडी जागेवर गेली म्हणजे चोक बंद झाला असं नसतं साहेब," तो म्हणाला. "पावसाचं पाणी जाऊन तार आतनं गंजली. वरून सगळं जागेवर, खाली उघडंच."

हे वाक्य माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत भेटलेल्या कित्येकांच्या गोपनीय अहवालात शोभले असते.

उपाय सरळ होता, नवी तार घालणे. पण तेवढ्यात चिरंजीवांनी नवी गाडी घेतली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. किती पेट्रोल सोडायचे ते आता यंत्रच ठरवते. "बाबा, चोक ओढायचे दिवस गेले," चिरंजीव म्हणाले. तेव्हा जुनी विकायची ठरली. आणि विकायच्या गाडीला नवी तार कशाला, हा विचार मनात आला. मेकॅनिकच्याही आला. त्याने वीस रुपयांत स्लो स्क्रू अर्धा फेरा उतरवून दिला. आवाज खाली आला. "गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवा," असा मोफत सल्लाही दिला.

रात्री मात्र झोप लागेना. खोटे तर मी बोलणार नव्हतो. कोणी विचारलेच नाही तर आपण होऊन सांगायला मी काय हरिश्चंद्र आहे? खालच्या मजल्यावर एक निवृत्त वकील राहतात. त्यांना सहज म्हणून विचारले. त्यांना 'सहज' कळत नाही. त्यांनी १८७२ चा करार कायदाच काढला. त्याच्या सतराव्या कलमात एक घोडा आहे. अ ला माहीत आहे की घोडा सदोष आहे, पण तो काहीच न बोलता लिलावात ब ला विकतो. ही फसवणूक नव्हे! मला इंग्रजांविषयी प्रथमच आपुलकी वाटली.

"थांबा," वकील म्हणाले. "ब जर म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असं मी समजेन', आणि अ गप्प बसला, तर ते गप्प बसणं म्हणजे बोलणंच. आणि जाणूनबुजून दोष झाकला, तर ती सरळ फसवणूक." मी स्क्रूचा विषय काढला नाही.

रविवारी सासवडहून एक तरुण शिक्षक आले. गाडी मी दहा मिनिटे तापवून ठेवली होती. त्यांनी किक मारली, इंजिन मांजरासारखे गुरगुरले. वर येऊन बसले आणि म्हणाले, "काका, मला गाडीतलं फार कळत नाही. रोज शाळेला जायचंय. तुम्ही काही बोलत नाही, म्हणजे गाडी चोख आहे असं धरतो."

माझ्या डोळ्यांपुढे तो घोडा उभा राहिला. चांगला दीडशे वर्षांचा. मी घसा खाकरला. 'चोख आहे, पण चोक...' एवढे वाक्य मनात जुळलेही होते. इतक्यात आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन बाहेर आल्या.

"सकाळी ती ओरडायला लागली की घाबरू नका हं भाऊ," त्या म्हणाल्या. "तार का काय ती गंजलीय. यांनी परवा कसलासा स्क्रू पिळून आणलाय, पण ते काही खरं नाही."

शिक्षकांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "तेच सांगत होतो." ते काही बोलले नाहीत. त्यांचे ते गप्प बसणे कोणत्या कलमात बसते, ते वकिलांना विचारायचे धाडस मला अजून झालेले नाही. ही मात्र रात्री म्हणाली, "तुम्ही सांगणार होतात ना?" मी "अर्थात" म्हणालो. जरा घाईनेच म्हणालो, असे तिचे मत पडले. खरे सांगायचे तर, चहा दोन मिनिटे उशिरा आला असता तर काय झाले असते, हे मलाही ठाऊक नाही.

गाडी त्यांनी घेतली. तार मी माझ्या खर्चाने बदलून दिली. प्लंजर सुरळीत खाली बसू लागला आणि मग उतरवलेल्या स्क्रूमुळे गाडी उभ्या जागी बंद पडू लागली. तो अर्धा फेरा पुन्हा वर चढवायचे मेकॅनिकने आणखी वीस रुपये घेतले.