द्रोणाचार्यांनी विचारलं, पण कुणाला?

"बाई, दाराशी आलेल्याला आपण विन्मुख पाठवत नाही. मग फोनवर कुणी काही सांगत असताना मध्येच कापला, तर दोष लागतो का हो?" वाईला आमच्या महाभारताच्या वाचनाला येणाऱ्या एका आजींनी हे विचारलं आणि बाकीच्या हसल्या. मी हसले नाही. शाळेत संस्कृत शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. वर्ग ज्या प्रश्नाला हसतो, तो बऱ्याचदा सगळ्यांच्याच मनातला असतो.

आजींचा पेच साधा नव्हता. आल्यागेल्याचा मान राखावा, कुणावर उगाच संशय घेऊ नये, हे त्यांच्यात लहानपणापासून मुरलेलं. आणि नातू बजावून गेलेला, अनोळखी नंबर उचलायचाच नाही. ऐकायचं कुणाचं?

मला वाटतं, आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. अतिथीचं आपण देणं लागतो ते पाणी, अन्न, दोन बरे शब्द. त्याच्या प्रत्येक बोलण्यावर विश्वास ठेवणं त्या देण्यात येत नाही. दानाबद्दलसुद्धा गीतेचं सांगणं देश, काळ आणि पात्र पाहून द्यावं असंच आहे. पात्र पाहायचं म्हणजे चौकशी आलीच.

यावर हमखास आक्षेप येतो, की संशयी माणसाचा नाश होतो असं गीतेतच आहे. आहे, चौथ्या अध्यायात. पण तिथे संशयी माणूस अज्ञानी आणि श्रद्धाहीन माणसाच्या पंगतीला बसवलाय. ज्याला उत्तर नकोच आहे, असा तो. त्याच अध्यायात सहा श्लोक आधी ज्ञान मिळवायचा मार्ग सांगितलाय, त्यात नमस्काराच्या आणि सेवेच्या जोडीला प्रश्न विचारणं आहे. न्यायदर्शनाने तर संशयाला सोळा पदार्थांत तिसरी जागा दिली आणि निर्णयाला नववी. तिसऱ्यावर मुक्काम करायचा नाही, नवव्यापर्यंत चालायचं.

आमचं वाचन तेव्हा द्रोणपर्वावर आलं होतं. युद्धाचा पंधरावा दिवस. द्रोणांच्या मुलाचं नाव अश्वत्थामा. त्याच नावाचा मालवराज इंद्रवर्म्याचा हत्ती भीमाने मारला आणि अश्वत्थामा मेला असं ओरडत तो द्रोणांसमोर गेला. आज लोकांना जे फोन येतात, 'तुमच्या मुलाला अटक झालीय', 'तुमच्या मुलीचा अपघात झालाय', त्यांचा हा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. द्रोणांचे हातपाय गळाले, पण त्यांनी लगेच विश्वास ठेवला नाही. मुलाचा पराक्रम आठवला, ते लढत राहिले, आणि मग खात्री करायला युधिष्ठिराला विचारलं. त्यानेही तेच सांगितलं.

म्हणजे त्यांनी शहानिशा केली. तरी फसले. का? त्यांनी ज्याला विचारलं तो समोरच्याच पक्षातला होता. आजवर तो खोटं बोलला नव्हता हे खरं, पण त्या दिवशी त्या उत्तरावर त्याचा जय अवलंबून होता. आणि ज्याच्याबद्दल प्रश्न होता तो अश्वत्थामा त्याच रणांगणावर जिवंत होता. माणूस पाठवून पाहता आलं असतं.

मलाही असा एक फोन आला होता. अदबशीर हिंदी, माझ्या मुलाचं पूर्ण नाव, अमली पदार्थांची केस, मागे वायरलेसची खरखर. 'खात्री हवी तर मोठ्या साहेबांशी बोला' म्हणून फोन दुसऱ्याकडे दिला. मला द्रोणपर्वच ऐकू आलं. एका पक्षातला माणूस त्याच पक्षातल्या माणसाची साक्ष काढत होता. मग हुकूम आला, की फोन ठेवायचा नाही आणि घरात कुणाला सांगायचं नाही. मी ठेवला आणि मुलाला लावला. तो ऑफिसात डबा खात होता.

त्या हुकुमातच मला माझं उत्तर मिळालं. अठराव्या अध्यायात, उपदेश संपत आल्यावर कृष्ण अर्जुनाला म्हणतो, की यावर नीट विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. प्रत्यक्ष भगवंताने विचाराला सवड दिली, तीही दोन्ही सैन्यं समोर उभी असताना. मग फोनवरचा हा कोण इन्स्पेक्टर लागून गेला? जो आवाज दुसऱ्याला विचारायला बंदी करतो, त्याचा प्रमाण मानला जाण्याचा हक्क तिथेच संपला. असा फोन कापण्यात दोष नाही, कापलाच पाहिजे.

नंबरवरून थोडं कळतं, सगळं नाही. बँका आणि विमा कंपन्यांच्या सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून आणि जाहिरातीचे १४० ने सुरू होणाऱ्यांवरून यावेत, असं ठरवून दिलेलं आहे. सुरुवातीला ९१ सोडून दुसराच देश दिसला आणि तिथे आपलं कुणी नसेल, तर उलट फोन करू नये. स्क्रीनवर झळकणारं नाव बऱ्याचदा इतर लोकांनी साठवलेलं असतं आणि नंबरही बनावट दाखवता येतो. म्हणून फोन ठेवून पासबुकावरचा किंवा कार्डामागचा नंबर आपण स्वतः फिरवायचा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, द्यायला लागतो. ओटीपी सांगायचा नाही, कुणाच्या सांगण्यावरून अॅप घ्यायचं नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही.

आणि नातवाचंही पुरतं खरं नाही. सगळेच अनोळखी आवाज वर्ज्य केले, तर दवाखान्यातून आलेला खरा फोनही वाजून बंद होईल. कुमारिल भट्टांचे मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळातच प्रमाण धरावं, दोष दिसेपर्यंत. नैयायिक म्हणतात, ते खरं आहे हे बाहेरून पडताळावं लागतं. भाजीवाल्याशी, एसटीच्या कंडक्टरशी मी मीमांसक असते; नाहीतर जगणंच अशक्य. पण पैसा, भीती आणि घाई हे तिघे एकत्र आले, की मी नैयायिक होते. शब्दाला प्रमाण मानताना न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायनांनी बोलणाऱ्याची जात पाहिली नाही. ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना एकच कसोटी लावली. त्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे का, आणि जशी आहे तशी सांगायची इच्छा आहे का? गणवेश, पदवी, मागचा तिरंगा यांना त्या कसोटीत जागा नाही.

शेवटचं, जे फसले त्यांच्यासाठी. द्रोणांना हसावं असं व्यासांनी कुठेही लिहिलेलं नाही. जमिनीच्या चार बोटं वर चालणारा रथ खाली आला, तो युधिष्ठिराचा. पाप खोटं बोलणाऱ्याचं असतं, विश्वास ठेवणाऱ्याचं नाही. तेव्हा पैसे गेले असतील तर लाजेपायी गप्प बसू नका. आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० ला फोन लावा, मग बँकेला, आणि घरच्यांना त्याच दिवशी सांगा. जितका उशीर कराल, तितके पैसे परत मिळणं अवघड होतं.