आईची सेवा कोणी करावी?

वारकरी बंधुभगिनींनो, पुंडलीकाची कथा आपणांस सांगावयास नको. देव दारी आला, तरी आईबापांच्या सेवेतले हात त्याने काढले नाहीत. वीट पुढे केली आणि देवाला थांबविले. त्या विटेला आपण नमस्कार करतो. पण एक गोष्ट आपल्या ध्यानी राहत नाही. ती सेवा पुंडलीकाने स्वतःच्या हातांनी केली. बायकोला किंवा बहिणीला आईबापांपाशी बसवून तो देवाच्या भेटीस गेला नाही.

हे आठवण्याचे कारण असे. आमच्या ओळखीची एक भगिनी खासगी दवाखान्यात परिचारिका आहे. वय ५१. भावांकडे राहणाऱ्या आईला अर्धांगवायू झाला आणि ती अंथरुणाला खिळली. दोघेही भाऊ माळकरी, वारी न चुकविणारे. ते म्हणाले, "ताई, तुला यातलं कळतं. तू नोकरी सोड, आईची सेवा कर. पुण्य लागेल." तिने विचारले, "आणि तुम्ही काय सोडणार?" भाऊ गप्प बसले.

आम्ही म्हणतो, बाईचा प्रश्न धर्माचाच आहे. तिची नोकरी ८ वर्षांची. सन १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत १० वर्षे सेवा भरल्यावाचून म्हातारपणी दरमहा निवृत्तिवेतन मिळत नाही. पन्नाशीनंतर सुटलेली नोकरी पुन्हा लागणे कठीण. म्हणजे आईचे म्हातारपण सांभाळता सांभाळता ती स्वतःचे म्हातारपण दुसऱ्याच्या हाती देऊन बसणार.

कोणी म्हणेल, "बाईचा जीव मऊ, तिलाच हे जमतं." अहो, जमते, कारण करावे लागते! सन २०२४ च्या सरकारी पाहणीत असे दिसले की, मुलेबाळे धरून घरच्या माणसांची देखभाल करणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांचा त्यात रोज १४० मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ७४. कायदा मात्र असा भेद करीत नाही. सन १९५६ चा हिंदू दत्तक व पोषण कायदा काय, सन २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा काय, आईबापांच्या पोषणाचा भार मुलगा आणि मुलगी दोघांवरही ठेवतो.

मग तिने आईला टाकावे काय? मुळीच नाही. कोणी समजून, आपखुशीने नोकरी सोडली, तर तिला आमचा दंडवत. पण दुसऱ्याच्या माथी मारलेली सेवा मारणाऱ्याच्या पुण्यात जमा होत नाही. रात्रीचे जागरण एका भावाने करावे, औषधपाणी दुसऱ्याने पाहावे, सुटीच्या दिवशी बहिणीने यावे. कामाला बाई ठेवली, तर तिचा पगार तिघांनी वाटून द्यावा. आणि तिच्याही घरी म्हातारे माणूस असेल, हे विसरू नये.

यात एखाद्या वर्षी वारी चुकली तर चुकू द्या. पांडुरंगाला थांबण्याची सवय आहे.