भस्मासुराचा हात किती लांब?

भस्मासुराला मिळालेला वर म्हणजे एका हत्याराचं माहितीपत्रकच आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील त्याची राख होईल. पल्ला हाताएवढा, दुरून चालत नाही, खांद्यावर हात ठेवला तर काही होत नाही. आणि मालकाचं स्वतःचं डोकं यातून वगळायचं राहून गेलेलं. पुढची सगळी गोष्ट या कलमांतून आपोआप निघते. शंकराला पळता येतं, कारण पल्ला आखूड आहे. मोहिनीला नाचच मांडावा लागतो, कारण त्याचा हात त्याच्याच डोक्यावर नेण्याचा दुसरा उपाय नाही. बरं, हा वर त्याला फुकट मिळालेला नाही. त्याने तप केलं आहे, रीतसर मोबदला मागितला आहे आणि मिळालेलं चालतं की नाही हे तपासण्याची त्याला घाई झाली आहे. नवं हत्यार हातात आलेल्या कुठल्याही माणसाला अशीच घाई होते. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला त्याची भीती वाटायची आणि थोडी कीवही यायची.

अंतराळातल्या साहसांच्या अ‍ॅनिमेशन मालिकांबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात: तंत्रज्ञान पटत नाही आणि खलनायक पोकळ वाटतो. या तक्रारी वेगवेगळ्या मानायची पद्धत आहे. विज्ञानाचं एखाद्या सल्लागाराने बघायचं, खलनायकाचं लेखकाने. माझं म्हणणं असं की दुखणं एकच आहे. ज्या यंत्राला भस्मासुराच्या हातासारखी कुठलीच मर्यादा नाही, त्याच्या मालकाला कशाची गरज उरत नाही. आणि गरज नसलेला खलनायक हसण्यापलीकडे काय करणार?

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वऱ्हाडातल्या आमच्या तेल्हाऱ्यासारख्या गावात बांबूला अँटेना बांधून, तो फिरवत फिरवत ‘ही-मॅन’ पाहिला जायचा. त्यातल्या स्केलेटरला ग्रेस्कल किल्ला हवा असायचा. का, तर विश्वावर राज्य करायला. राज्य करून पुढे काय, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ती मालिका मुळात खेळणी खपवण्यासाठी निघालेली. दर आठवड्याला हरणारा आणि दर आठवड्याला धडधाकट परत येणारा शत्रू दुकानदाराच्या सोयीचा होता. १९९८ साली केतन मेहतांचा ‘कॅप्टन व्योम’ आला, मिलिंद सोमण नायक. तो अ‍ॅनिमेशनचा नव्हता, पण घराणं तेच. हिंमत मोठी होती. खलनायक मात्र भागापुरते येत आणि भागाबरोबर जात.

आता नातू मोबाइलवर हिंदीत डब केलेलं काहीतरी पाहत असतो. परवा एका काळ्या यानातून एक लाल डोळ्यांचा बादशहा पृथ्वीवर चालून येत होता. नातू म्हणाला, “आबाजी, ह्या यानात डिझेल कोन टाकते?” मी काही बोलायच्या आत दुसरा प्रश्न आला: “अन् ह्याले पृथ्वी कायले पायजे? ह्याच्याजवळ त सोताचा ग्रह हाय ना!”

या दोन प्रश्नांच्या पुढे समीक्षेने जायची फारशी गरज नाही. पोरगं हुशार आहे असं नाही. त्याच्या घरी थ्री-फेज लाइट कधी दिवसा असते, कधी रात्री, त्यामुळे यंत्र कशावर तरी चालतं हे त्याला शिकवावं लागत नाही. शाळेत त्याला चंद्रयान-३ उतरताना दाखवलेलं आहे. ते १४ जुलै २०२३ ला निघालं आणि २३ ऑगस्टला चंद्रावर टेकलं. अपोलो ११ चार दिवसांत पोचलं होतं. आपलं यान पृथ्वीभोवती फेऱ्या मारत, कक्षा वाढवत वाढवत गेलं, कारण रॉकेट तेवढ्या ताकदीचं नव्हतं. ही माहिती असलेल्या मुलासमोर तुम्ही एका बटनात आकाशगंगा ओलांडणारं यान आणता, तेव्हा तो ते पाहतो. त्यावर विश्वास मात्र ठेवत नाही.

अ‍ॅनिमेशनची अडचण इथेच आहे. खऱ्या सिनेमात स्फोट करायचा तर पैसा लागतो, म्हणून दिग्दर्शक हात राखून असतो. चित्रात ग्रह फुटणं आणि चहा पिणं यांच्या खर्चात तेवढं अंतर नाही. जे फुकट घडतं त्याची किंमत प्रेक्षकही धरत नाही. म्हणून या माध्यमात मर्यादा बाहेरून येत नाही, ती लेखकाला स्वतःवर घालून घ्यावी लागते.

जपानी लोकांनी हे लवकर ओळखलं. १९७४ च्या ‘स्पेस बॅटलशिप यामातो’मध्ये दुसऱ्या महायुद्धात बुडालेली युद्धनौका अंतराळयान होऊन १ लाख ४८ हजार प्रकाशवर्षांवरून किरणोत्सार काढून टाकणारं यंत्र आणायला निघते. अंतर हास्यास्पद आहे, पण मुदत एका वर्षाची आहे आणि प्रत्येक भागाच्या शेवटी किती दिवस उरले ते पडद्यावर येतं. यानाची मोठी तोफ डागली की इंजिनातली सगळी शक्ती संपते आणि यान काही काळ लुळं पडतं. म्हणजे ती केव्हा डागायची हा निर्णय कप्तानाला घाम फोडणारा होतो. यामातोचा शत्रू डेस्लर किरणोत्सारी बॉम्ब टाकून पृथ्वी ओसाड करतो आहे, कारण त्याचा स्वतःचा ग्रह मरतो आहे आणि त्याच्या लोकांना राहायला जागा हवी आहे. मालिकेच्या शेवटाकडे नायक तो ग्रह उद्ध्वस्त करतो आणि उजाड झालेल्या शहरांकडे पाहून त्याच्याने राहवत नाही. जिंकल्यावर नायकाला अपराधी वाटणं, हे ‘ही-मॅन’मध्ये कुठून सापडणार?

पाच वर्षांनी आलेली ‘गंडम’ याहून पुढे गेली. ही मालिकाही खेळण्यांच्या कंपनीच्या पैशावर उभी होती, त्यामुळे त्यात मोठाले यंत्रमानव असणं भागच होतं. पण अंतराळात क्षेपणास्त्रं सोडून यंत्रमानव हातघाईची लढाई का करतील? योशियुकी तोमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनोव्हस्की नावाचे कण कल्पिले. ते पसरले की रडार आंधळं होतं, दुरून नेम धरता येत नाही, जवळ जाऊनच लढावं लागतं. एकच खोटं, पण पुढची सगळी युद्धनीती त्यातून प्रामाणिकपणे निघते. माणसं राहतात त्या फिरत्या नळकांड्यांसारख्या वसाहती जेरार्ड ओनील या भौतिकशास्त्रज्ञाने १९७६ च्या पुस्तकात मांडलेल्या आहेत. वसाहतींना स्वराज्य हवं आहे. ही मागणी वाईट कशी म्हणायची? त्या मागणीवर एक घराणं बसतं आणि त्याच घराण्याच्या सैन्यात शार आझ्नाबल नावाचा मुखवटेधारी सेनानी आपल्या बापाचा सूड घ्यायला शिरलेला असतो. तो नायकाचा शत्रू आहे आणि आपल्या धन्याचाही. गंमत अशी की ही मालिका पहिल्यांदा चालली नाही, ४३ भागांत गुंडाळावी लागली. पुनर्प्रक्षेपणात लोकांनी ती डोक्यावर घेतली.

पण ‘मर्यादेतून खलनायक जन्मतो’ हे पटवायला मला जपानपर्यंत जायची गरज नाही. वऱ्हाडात तो कपाशीच्या बोंडात राहतो. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांची आली. बोंडअळीने पान कुरतडलं की झाडातलं विष तिला मारणार, अशी ती योजना. योजनेला एक अट होती. कडेने काही ओळी साध्या, बिगर बीटी कपाशीच्या लावायच्या, म्हणजे काही अळ्या जगतील, विष पचवू शकणाऱ्या मोजक्या अळ्यांशी त्यांचा संकर होईल आणि प्रतिकार वाढायला वेळ लागेल. त्यासाठी पाकिटासोबत वेगळी पुडी यायची. ती पुडी किती बांधावर पेरली गेली आणि किती उकिरड्यावर गेली हे गावाला ठाऊक आहे. ज्याची पाच एकर कोरडवाहू, त्याने कडेच्या ओळी अळीला का सोडाव्यात? त्यात फरदड. भाव बरा असला की डिसेंबरनंतरही पाणी देऊन कपाशी उभी ठेवायची, म्हणजे अळीला बारमाही पंगत. २०१७ च्या हंगामात विदर्भात काय झालं ते आठवत असेल. फुलं उमलायची ती डोमकळ्या होऊन, पाकळ्या पिळवटून मिटलेल्या. बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं तर आत गुलाबी अळी आणि किडकी सरकी. अळी कोवळ्या बोंडात शिरली की तिच्या वाटेचं छिद्र बुजून जातं. मग वरून कितीही फवारा.

या अळीला कपाशी पिकवणाऱ्याशी वैर नाही. तिला भूक आहे आणि ती भागवायला कपाशीखेरीज तिला फारसा आसरा नाही. आपल्या तंत्राला जी फट होती ती तिने रुंद केली. शेजारच्या अकोट तालुक्यात अकोली जहाँगीरला जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणारं, मान्यता नसलेलं बियाणं उघडपणे पेरलं, तेव्हा कायदा मोडणारे शेतकरी खलनायक की बंदी घालणारं सरकार, यावर चौकाचौकांत वाद झाले. दोन्ही बाजूंना कारणं होती. ज्या मातीत असे तिढे रोज उगवतात, तिथल्या मुलांसाठीच्या मालिकेत लाल डोळ्यांचा बादशहा का असावा, हे मला कळत नाही.

मराठी लेखकांनी यातलं अर्धं काम करून ठेवलं आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली तीही नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. तिथपासून मराठी विज्ञानकथेला एक शिस्त लागली: कल्पना कितीही उंच जावो, पाय विज्ञानात हवेत. या शिस्तीचा मला आदर आहे. पण या परंपरेत संकट बहुधा निसर्गाकडून येतं, धूमकेतू होऊन किंवा विषाणू होऊन, आणि शास्त्रज्ञ ते सोडवतात. हाडामांसाचा प्रतिपक्ष क्वचित. उलट भयकथाकार नारायण धारपांकडे दुष्टाव्याची धग आहे, पण तिथे नियम अमानवी शक्तींचे. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या नारळीकरांच्याच ‘वामन परत न आला’मध्ये. एका लोप पावलेल्या प्रगत संस्कृतीने ठेवलेल्या ज्ञानातून घडवलेला वामन हा यंत्रमानव माणसाला मदत करतो आणि स्वतःसारखे आणखी घडवू पाहतो. त्याला हवंय ते कुठल्याही जीवाला हवं असतं. म्हणूनच तो धोकादायक.

रंगवायची ताकद आपल्याकडे नाही असंही म्हणता येत नाही. २०२१ पासून आलेल्या ‘द लेजंड ऑफ हनुमान’मध्ये शरद केळकरांच्या आवाजातला रावण ऐका. तो ओरडत नाही. अंतराळात शिरलो की मात्र आपण रावणाचं सगळं शिकलेलं विसरतो आणि स्केलेटरकडे परत जातो.

एक आक्षेप घेतला जाईल: खलनायकाची बाजू दाखवली तर मुलं चांगलं-वाईट विसरतील. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी कर्णासाठी डोळे पुसले आहेत. त्यातलं कुणी दुर्योधनाच्या बाजूला गेलेलं मला ठाऊक नाही.

मी जर मालिका लिहायला बसलो तर चंद्राच्या दक्षिण ध्रुवापासून सुरुवात करीन. कायम सावलीतल्या विवरांत बर्फ असल्याची चिन्हं आहेत, आणि जिथे पाणी मोजकं तिथे भांडण आलंच. तेल्हारा तालुक्याला हे सांगावं लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला गोडं पाणी, दक्षिणेला पूर्णेकडे खारपाणपट्टा, आणि वान धरणाचं पाणी शेताला की दूरच्या गावांच्या नळाला यावर आंदोलनं. त्यात कुणाच्याच बाजूला राक्षस नव्हता. माझ्या मालिकेतली खलनायिका अशा वसाहतीची असेल जिथे बर्फ नाही, फक्त माणसं आहेत. यंत्रांना मी मंगळयानाची अट घालीन. २४ सप्टेंबर २०१४ ला ते मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा संदेश पोचायला बारा मिनिटांहून जास्त लागत होते, म्हणून सगळ्या आज्ञा काही दिवस आधीच यानात भरून ठेवल्या होत्या. सुमारे तीनशे दिवस बंद असलेलं मुख्य इंजिन दोनच दिवस आधी चार सेकंद चालवून पाहिलेलं, आणि ऐन वेळी यान मंगळाच्या आड. पृथ्वीवरच्या लोकांना बसून राहण्याखेरीज काम नव्हतं. माझ्या मालिकेचं यान चंद्र सोडून मंगळाकडे निघेल तेव्हा याच बारा मिनिटांत ती खलनायिका आपलं काम उरकेल; ती जागेवर आहे आणि तिला कुणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही. तिचंही यान मात्र त्याच इंधनावर चालेल, तेवढंच अडेल आणि बर्फ घेऊन परत फिरायचं की अडकलेल्या आपल्या माणसांना घ्यायचं, यांपैकी एकाचंच वजन तिला उचलता येईल.

यात नायक कुणाला करायचं हे मला अजून सुटलेलं नाही. बर्फाचा ताबा असलेले काही सज्जन आहेत, आणि कायदाही त्यांच्याच बाजूने आहे. हा गुंता सोडवायला जो लेखक बसेल त्याने विज्ञानाची पुस्तकं तर वाचावीतच, पण त्याआधी आमच्याकडे येऊन एक रात्र रात्रीच्या लाइटवर ओलित करायला जावं.