सणाच्या यादीतील माणसे

शास्त्रभाग : अनुवाद १६:१३-१७, लूक २:४१-४५

आपल्या मंडळीतील कोणत्याही वयस्क व्यक्तीला तिच्या बालपणीच्या नाताळाविषयी विचारून पाहा. त्या वर्षी पाळकसाहेबांनी कोणत्या वचनावर उपदेश केला, हे ती क्वचितच सांगू शकेल. परंतु चांदणीच्या कामट्या कोणी तासल्या, पतंगाचा कागद कोठून आणला, खळ करपल्यावर आई कशी रागावली, हंगामाच्या सणात कोणाचा भोपळा कितीला गेला आणि मे महिन्यात आजोळी जाताना एस.टी.च्या खिडकीशी कोण बसले, हे सारे ती तपशीलवार सांगेल. उपदेश करणाऱ्यांना याचे थोडे वाईट वाटते. मला मात्र यात देवाच्याच शिकविण्याची रीत दिसते.

लेवीय २३:४२-४३ मध्ये इस्राएलाने सात दिवस मांडवांत राहावे अशी आज्ञा आहे, आणि तिचे कारणही तेथेच दिले आहे. मिसरातून बाहेर काढल्यावर देवाने त्यांच्या पूर्वजांना कसे वसविले होते, हे पुढच्या पिढ्यांना कळावे. ही गोष्ट मुलांना नुसती सांगूनही भागले असते. पण देवाने मोठ्यांना झाडांच्या फांद्या तोडून आणावयास लावले. ज्या मुलाने पानांच्या छताखाली एक रात्र काढली आहे, त्याला पूर्वजांच्या डोक्यावर पक्के छप्पर नव्हते हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. निर्गम १२:२६ मध्येही मुले प्रश्न विचारतील, असे गृहीतच धरले आहे. मुलाचा प्रश्न डोळ्यांना जे दिसते त्यातून उठतो.

अनुवादाच्या सोळाव्या अध्यायातील पाच वचनांत तर घर सजविणे, देणगी आणणे आणि प्रवासाला जाणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. मांडव घालावा, देवाने निवडलेल्या स्थळी जावे आणि तेथे रिकाम्या हातांनी उभे राहू नये. आपल्या कौटुंबिक आठवणी ज्या तीन गोष्टींभोवती गोळा होतात, त्या याच आहेत.

आता त्या मांडवाविषयी. मूळ इब्री शब्द 'सुक्का' असा आहे. याकोबाने आपल्या गुराढोरांसाठी जी खोपटी बांधली, त्यांना उत्पत्ती ३३:१७ मध्ये हाच शब्द आहे. यशया १:८ मध्ये द्राक्षमळ्यातील राखणदाराच्या खोपीलाही हाच शब्द आहे. मराठीत 'मांडव' म्हटले की लग्नघर डोळ्यांपुढे येते. 'खोप' म्हटले की शेताच्या बांधावरचे दारिद्र्य दिसते, आणि मग सण हरवतो. भाषांतराच्या मेजावर अशा शब्दांपाशी बराच वेळ जातो. आपल्या पवित्र शास्त्रात 'मांडव' आला तो योग्यच आहे, असे माझे मत आहे. परंतु वाचताना त्या मांडवाखाली गुरांचा वास आहे, हे विसरू नये. आपली मुले पेंढा, माती आणि पुठ्ठे घेऊन नाताळात जो गोठा रचतात, तो या शब्दापासून फार दूर नाही. (लूकने गव्हाणीचा उल्लेख केला आहे, गोठ्याचा नाही, हे खरे, पण तेवढ्यासाठी कोणी मुलांचा गोठा मोडू नये.)

नहेम्याच्या आठव्या अध्यायात बंदिवासातून परत आलेले लोक हा सण पाळतात. नियमशास्त्र वाचताना त्यांना ही आज्ञा सापडली आणि ते डोंगरावर जाऊन जैतून, मेंदी, खजूर यांच्या डहाळ्या घेऊन आले. कोणी धाब्यावर, कोणी अंगणात, कोणी वेशीजवळच्या चौकात मांडव घातले. जेवढी जागा मिळाली तेवढ्या जागेत सण मावला. बडोदा, इंदूर, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी नोकरीनिमित्त गेलेली आपली मराठी कुटुंबे चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत चांदणी टांगतात, तेव्हा मला हा अध्याय आठवतो. तयार चांदणी विकत आणणे हे काही पाप नव्हे. बाजारातील चांदणी आमच्या हातच्या वाकड्या चांदणीपेक्षा पुष्कळ सुबक असते. मात्र तिच्याविषयी दहा वर्षांनी सांगण्यासारखे काही उरत नाही.

यापुढचा मुद्दा मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अनुवाद १६:१४ मध्ये सणाचा आनंद कोणी करावयाचा, त्यांची यादीच दिली आहे. घरच्या कर्त्याखेरीज तीत आठ जण आहेत. मुलगा, मुलगी, दास आणि दासी हे चौघे घरातले. लेवी, उपरा, पोरका आणि विधवा हे चौघे असे की, ज्यांना सहसा स्वतःची जमीन नाही, आणि म्हणून स्वतःचा हंगामही नाही. अर्धी यादी घरातल्यांची आणि अर्धी ज्यांच्या घरात सण आपोआप येत नाही अशांची. (यादीत पत्नीचे नाव नाही, असे भगिनी मला विचारतात. 'तू' या संबोधनात पतिपत्नी दोघेही आली, असे अनेक भाष्यकार मानतात. तसे असेल तर आनंद करण्याची आज्ञा तिलाही आहे, आणि नाताळाच्या आदल्या रात्री बारा वाजता करंज्या कोण तळत बसले आहे, हे पुरुषांनी एकदा स्वयंपाकघरात डोकावून पाहावे.)

तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या गावी ख्रिस्ती वस्तीत एक रीत होती. पहिली चांदणी स्वतःच्या घरावर लावावयाची नाही. वस्तीच्या टोकाला एक वृद्ध विधवा राहत. त्यांना शिडीवर चढणे शक्य नव्हते. म्हणून पहिली चांदणी त्यांच्या दारावर लागे आणि त्या आम्हा मुलांना गूळ-शेंगदाणे देत. आज आम्ही भावंडे एकत्र जमलो की, आमच्या स्वतःच्या चांदणीचा रंग कोणता होता यावर वाद होतो. त्यांच्या चांदणीविषयी होत नाही. तिची एक पाकळी हिरवी होती, कारण लाल कागद संपला होता. आमच्या वडिलांनी त्या निमित्ताने कोणतेही वचन म्हणून दाखविल्याचे मला आठवत नाही. ते फक्त शिडी धरून उभे राहत.

यादीतील या माणसांना बाजूला ठेवूनही सण उत्तम साजरा होऊ शकतो, आणि धोका आहे तो येथेच. रोषणाई होते, फराळ होतो, छायाचित्रे निघतात. पण मुलांच्या स्मरणात कोण शिरले? ज्या माणसाला मुलाने सणात कधी पाहिलेच नाही, त्याची आठवण मोठेपणी त्याला कोठून यावी?

देणगीचेही असेच आहे. आपल्या अनेक मंडळ्यांत हंगामाचा सण होतो आणि त्यात लिलाव होतो. ज्वारीची पायली, तुरीच्या शेंगा, कोंबडी, अंडी, लाल भोपळा असे जे असेल ते वेदीसमोर येते. कोणी अंडे विकत घेतो आणि तेच पुन्हा लिलावाला देतो. एकच अंडे चार-पाच वेळा विकले जाते आणि पोरे हसून हसून लोळतात. या लिलावात चढाओढ आणि मिरवणूक शिरते, हे मी जाणतो; मोठी बोली बोलताना मान किती ताठ होते, तेही मी पाहिले आहे. डाव्या हाताला कळू न देण्याविषयी प्रभूने जे शिकविले, ते लिलावाच्या दिवशी पुष्कळांना आठवत नाही. तरीही ज्या बाईकडे एका अंड्यापलीकडे आणावयास काही नव्हते, तिचे अंडे त्या दिवशी सर्वांत महाग गेले, हे दृश्य मुलांनी पाहिलेले असते.

यरुशलेमातील गरिबांसाठी जो निधी पौलाने गोळा केला, त्याला त्याने एकच नाव दिलेले नाही. १ करिंथ १६:१ मध्ये 'लोगिया' म्हणजे साधी जमा केलेली रक्कम आहे. पण दोनच वचने पुढे तो त्याच निधीला 'खारिस' म्हणतो, म्हणजे कृपा. रोम १५:२६ मध्ये 'कोइनोनिया' आहे, म्हणजे सहभागिता, आणि २ करिंथ ९:५ मध्ये 'यूलोगिया', म्हणजे आशीर्वाद. मराठीत 'वर्गणी' म्हटले की पावतीपुस्तक घेऊन दारात उभे असलेले चौघे दिसतात आणि घरातून कोणीतरी सांगते की साहेब बाहेर गेले आहेत. पौलाच्या शब्दांना ती कळा नाही. शिवाय त्याने हे काम घरात नेऊन ठेवले आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्याजवळ काही बाजूला काढावे, असे तो १ करिंथ १६:२ मध्ये सुचवितो. मिझोरामच्या मंडळ्यांतील स्त्रियांनी हे फार सोप्या रीतीने साधले आहे. स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ देवाच्या कामासाठी निराळ्या भांड्यात टाकावयाची, ही तेथील प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची आहे. तिला 'बुहफाई थाम' म्हणतात. त्या घरातील मूल दररोज, जेवणापूर्वी, देणे म्हणजे काय ते पाहते.

आता बहुतेकजण मोबाइलवरून देणगी पाठवितात. पैसे पोहोचतात, हिशेब चोख राहतो आणि खजिनदाराची रात्र वाचते. यात गैर काहीच नाही. मात्र वडिलांचा अंगठा पडद्यावर दोनदा टेकला, याखेरीज मुलाला काही दिसत नाही. आठवड्यातून एकदा तरी त्याच्याच हाताने डब्यात काही पडावे, एवढे तर प्रत्येक घराला करता येईल.

प्रवासाविषयी लूकच्या दुसऱ्या अध्यायात एक शब्द आहे, जो नव्या करारात दुसरीकडे कोठेही येत नाही. चव्वेचाळिसाव्या वचनातील 'सिनोदिया', म्हणजे एकत्र वाट चालणाऱ्यांचा मेळा. मराठी माणसाच्या मनात येथे 'दिंडी' हा शब्द येतोच. तो वापरावा की नाही याविषयी मतभेद होऊ शकतात, पण त्यातील ऊब या शब्दाला जवळची आहे. वल्हांडणासाठी नासरेथहून यरुशलेमेस जाणारी कुटुंबे अशी मेळ्याने जात. तीही सहलच होती. वाटेत गाणी होती, मुक्काम होते, लेकरे होती.

आमच्या लहानपणी सुट्टीतील प्रवास म्हणजे नातलगांकडे जाणे. एका वर्षी मात्र वडील आम्हांला नगरहून दौंडला आणि तेथून गाडी बदलून पुणे मार्गावरील केडगावला घेऊन गेले. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे. रमाबाईंनी संपूर्ण पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियांनी व मुलींनी केले. त्यांत विधवा होत्या, पोरक्या होत्या, दुष्काळात घरदार गेलेल्या होत्या. अनुवादाच्या यादीतील माणसांनीच ते शास्त्र छापले, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. वस्तीतील एक पोरका मुलगाही त्या वेळी आमच्याबरोबर होता. परतीच्या गाडीत खिडकी त्याला मिळाली आणि मी दौंडपर्यंत रुसून बसलो होतो.

हल्ली नाताळाच्या सुट्टीत कुटुंबे समुद्रकिनारी किंवा थंड हवेच्या ठिकाणी जातात. विश्रांती हे देवाचेच दान आहे आणि वर्षभर राबणाऱ्यांना ती हवीच. पण २५ डिसेंबरच्या उपासनेत मागच्या बाकावर एकट्या बसलेल्या आजीला तिच्या मुलांविषयी विचारावे, तर ती हसून सांगते, "फिरायला गेलीत." माझ्या ओळखीच्या मंडळ्यांत अशा आजी वर्षागणिक वाढत आहेत.

लूक लिहितो की, बाल येशू मागे राहिला आहे हे मरीया आणि योसेफ यांना ठाऊक नव्हते. तो त्या मेळ्यातच असेल असे समजून ते एका दिवसाची वाट चालून गेले आणि मग नातलगांत व ओळखीच्यांत त्याला शोधू लागले. मुलगा बारा वर्षांचा, आणि दिवसभर दृष्टीआड. तरी कोणाच्यातरी गाठोड्यातील भाकरी त्याने खाल्लीच असेल, याची त्यांना खात्री होती. येत्या सुट्टीची तिकिटे काढण्यापूर्वी, प्रिय वाचकहो, ती आठ जणांची यादी घरात मोठ्याने वाचा. नंतर यांपैकी आपल्या ओळखीचे कोण कोण आहेत, हे मुलांना विचारा, आणि उत्तर त्यांनाच देऊ द्या.