मृगाआधीच रजिस्ट्री काहून?

बस इथं. पेढ्याचा डबा खाली ठेव. पेढा मग पाहू. आधी सांग, तू घ्यायला निघालास त्या घराच्या न्हाणीच्या दाराला वरून रंधा काहून मारला आहे?

माहीत नाही. बरं. हॉलच्या एकाच भिंतीला ताजा रंग काहून आहे? बाकीच्या तीन भिंती तर कळकट पडल्या आहेत. खिडकीखाली दिवाण आहे, तो सरकवून पाहिलास?

नाही पाहिलास. मी पाहिला. रविवारी तू ड्यूटीवर होतास तेव्हा नांदगाव पेठेला जाऊन आलो. टोंगळे दुखतात माझे, तरी गेलो. मालकाला सांगूनच दिवाण सरकवला. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघते आणि थेट फरशीपर्यंत उतरते. पुट्टी भरून वरून रंग मारला आहे. मालक म्हणाला, "प्लास्टरची आहे सर, सगळ्यांच्याच घराला असते." मी काही बोललो नाही. त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण तुझ्याशी आहे.

आठ वर्षं झाली तुला एमआयडीसीत. काम काय करतोस? कापड तपासतोस. दिव्याच्या टेबलावरून ताका सरकत असतो आणि त्यातला एक तुटका धागा तुझ्या नजरेतून सुटत नाही. तेलाचा ठिपका दिसला की मशीन थांबवतोस. सुपरवायझर ओरडला तरी माल पुढं जाऊ देत नाहीस. तूच अभिमानानं सांगितलं होतंस मला. मग त्या अक्षय्य तृतीयेला काय झालं होतं? संध्याकाळी सात वाजता, ट्यूबलाइटच्या उजेडात, वीस मिनिटं घर पाहिलंस. दोन लाख इसार दिलास. साध्या कागदावर! परक्याच्या कापडाला जेवढा उजेड देतोस, तेवढा स्वतःच्या बत्तीस लाखांना दिला नाहीस.

तुझे बाबा गोऱ्हा घ्यायला निघायचे तेव्हा तू सोबत असायचास. दात पाहायचे, खूर पाहायचे, चालवून पाहायचे, जुंपून पाहायचे. विकणारा कितीही घाई करो. बाबांना विचारलंस या घराबद्दल? "त्यांना काय कळतं शहरातलं" म्हणालास म्हणे. अरे, त्यांची सारी हयात काळ्या मातीत गेली. घर कशावर उभं आहे मग? संगमरवरावर?

आणि तुला कळत नाही असंही नाही. नववीत मी वर्गात काचेच्या दोन बरण्या आणल्या होत्या. एकीत वावरातली काळी माती, दुसरीत मुरूम. दोन्हीत पाणी टाकलं. मातीच्या पातळीवर शाईची खूण कोणी केली होती? तूच. दुसऱ्या दिवशी मुरूम होता तिथंच होता, काळी माती खुणेच्या वर चढली होती. वहीत कारणही लिहिलं होतंस: काळ्या पाषाणाची झीज होऊन ही माती बनते, तिच्या बारीक कणांच्या थरांत पाणी शिरतं, माती फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते. दहापैकी दहा दिले होते मी. परत घेऊ?

तीच माती त्या घराखाली आहे. पावसाळ्यात घराच्या कडेची माती आधी भिजते, आधी फुगते. मधली कोरडी राहते. वैशाखात उलटं, कडेची आधी वाळते आणि खचते. म्हणजे घराची एक बाजू वर, एक खाली, दरवर्षी. वीट वाकत नाही, ती तडकते. आणि तडकते कुठं? दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांत, तिरपी. चौकट तिरकी होते, दार घासायला लागतं, मग सुतार बोलावून रंधा मारतात. न्हाणीच्या दाराचा रंधा आता समजला?

उपाय नाही असं नाही. वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या लोक घरं बांधतात. काळी माती उकरून पाया मुरमापर्यंत न्यायचा, जोत्यात मुरूमच भरायचा, प्लिंथ बीम चारही बाजूंनी फिरवायचा, घराभोवती फरशीचा पट्टा टाकून पाणी पायापासून लांब काढायचं. मुरूम फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं याच मातीसाठी तळाशी फुगवलेल्या खांबांचा पाया काढून दिला आहे. देशभर वापरतात. पण पाया खणताना निघालेली काळी मातीच जोत्यात परत ढकलणारेही आहेत, कारण मुरमाच्या ट्रॉलीला पैसे पडतात. त्या घरात काय भरलं आहे? विचारलंस? मी काठीनं फरशी ठोकून पाहिली. स्वयंपाकघरात चार फरश्या पोकळ वाजतात. टरबूज घेताना थापटी मारून पाहतोस ना रे तू?

आता मला एकाच प्रश्नाचं उत्तर दे. मालकाला रजिस्ट्री 5 जूनलाच काहून पाहिजे? मृग 7 जूनला लागतो. "त्यांना पैशांची नड आहे" म्हणतोस. असेल. नड सगळ्यांनाच असते. पण दोन चांगले पाऊस पडले की ती भेग बोलायला लागेल, गच्ची कुठं गळते ते दिसेल, अंगणात पाणी कुठं तुंबतं ते दिसेल. हे मालकाला ठाऊक आहे आणि तुला नाही? तूही वऱ्हाडातलाच ना?

"सर, भाव वाढतील." हे ऐकून माझे कान किटले. पीएम मित्रा टेक्सटाइल पार्कची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 ला झाली, तेव्हापासून जो तो नांदगाव पेठेच्या नावानं धावतो आहे. हजार एकरांचा पार्क होवो, चांगलंच आहे, पोरांना कामं मिळोत. पण पार्क आला म्हणून पाया खोल जातो का?

"सर, बँकेनं कर्ज मंजूर केलं, म्हणजे घर चांगलंच असेल." बह्याड आहेस का? बँकेचा माणूस आला, किंमत ठरवून गेला. त्याला एवढंच पाहायचं होतं की तू हप्ते थकवले तर घर विकून पैसे निघतात की नाही. बँक स्वतःचे पैसे तपासते. तुझ्या फरशीखालची माती ती काहून तपासेल? आणि दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला म्हणजे सरकारनं मालकीची हमी दिली, असं समजू नकोस. तिथं दस्ताची नोंद होते. विकणारा खरा मालक आहे का, एकटाच मालक आहे का, ते तू पाहायचं.

एकटा आहे का तो? घर त्याच्या वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलं. वडील वारले, मृत्युपत्र नाही. हे तूच सांगितलंस. दोन बहिणी आहेत, आई आहे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं अशा घरात आईला, मुलाला आणि प्रत्येक मुलीला सारखा वाटा आहे. बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिलंस? "त्यांचं काही म्हणणं नाही, लग्नं झाली त्यांची." कोणी सांगितलं? भावानं! उद्या त्या दोघी दारात उभ्या राहिल्या तर भावाचा शब्द कोर्टात दाखवशील? ग्रामपंचायतीची घरटॅक्सची पावती दाखवून तो स्वतःला मालक म्हणवतो आणि तू मान डोलावतोस. पावती कर भरल्याची असते, मालकीची नसते. अकृषक आदेश कुठं आहे? मंजूर लेआउटचा नकाशा कुठं आहे? तो प्लॉट नकाशात प्लॉटच आहे, की मोकळी जागा म्हणून सोडलेला तुकडा? सातबाऱ्यावर इतर हक्कांत बोजा आहे का? तीस वर्षांचा शोध वकिलाकडून काढून घे, म्हणून मी चैत्रातच सांगितलं होतं. "हो सर" म्हणालास. तुझं "हो सर" मला नववीपासून माहीत आहे.

आता म्हणशील, "दोष लपवला तर कायदा आहे ना." आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882, कलम 55. विकणाऱ्यानं दोष सांगितला पाहिजे, असं त्यात लिहिलं आहे. पण कोणता दोष? जो त्याला माहीत आहे, तुला माहीत नाही, आणि साधारण काळजी घेऊनही तुला सापडला नसता असा. नीट ऐक. साधारण काळजी. दिवाण सरकवणं ही साधारण काळजी आहे. नळ सोडून पाहणं, दार लावून पाहणं, गच्चीवर चढणं, चौकटीत चावी टोचून उधई लागली का पाहणं, ही साधारण काळजी आहे. ती तू घेतली नाहीस, तर कोर्टात मालकाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल, जो मी आज विचारतो आहे.

गच्चीवर चढलास? अर्थात नाही. जिन्याखालच्या स्लॅबचे पोपडे निघाले आहेत, आतली सळई दिसते, गंजलेली. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. मागच्या भिंतीला कमरेपर्यंत लोणा आहे. बोअरचं पाणी चाखलंस? तुझी सासुरवाडी दर्यापूरची, खारपाणपट्ट्यातली. खाऱ्या पाण्यानं भिंतीची काय गत होते, हे तुझ्या बायकोनं लहानपणापासून पाहिलं आहे. तिला घर दाखवलंस का? दाखवलंस, इसार दिल्यावर!

"लगेच काही पडत नाही सर." 2022 च्या ऑक्टोबरात अमरावतीत प्रभात चौकातली जुनी शिकस्त इमारत पडली. पाच माणसं गेली. पाऊस तेव्हा सरला होता. तुझं घर तसं पडेल असं मी म्हणत नाही, भेग पाहून एवढं बोलायला मी इंजिनिअर नाही. पण मी इंजिनिअर नाही म्हणून तू इंजिनिअरला बोलावलं पाहिजेस. त्याची फी किती? काही हजार. फ्रिज घेताना चार दुकानं फिरला होतास तू, मला माहीत आहे.

वेळ नव्हता म्हणू नकोस. कळत नव्हतं तर अजिबात म्हणू नकोस. तुला भेव वाटलं. दिवाण सरकवला आणि खाली भेग निघाली तर? मग नाही म्हणावं लागेल, इसार अडकेल, बायकोला सांगितलेलं, मित्रांना सांगितलेलं, सगळं मागं घ्यावं लागेल. म्हणून तू पाहिलंच नाहीस. डोळे असून पाहिलं नाहीस. न शिकलेल्या माणसानं हे केलं असतं तर मी त्याला पाणी दिलं असतं आणि समजावलं असतं. तुला समजावायचं काय?

दोन लाख अडकले म्हणून तीस लाख त्यात ढकलायचे, हा कोणता हिशोब? आणि ते तीस लाख कोणाचे? वीस वर्षांच्या हप्त्यांचे. तुझ्या पोरीच्या शाळेचे. बाबांच्या विकलेल्या दोन एकरांचे. ते दोन एकर विकताना ते माझ्याकडे आले होते. रडले नाहीत. "पोराचं घर होते, सर," एवढंच बोलले. म्हणून गेलो मी रविवारी.

ऊठ आता. मालकाला फोन लाव, माझ्यासमोर. सांग, रजिस्ट्री जुलैत. दोन पाऊस झाल्यावर. बहिणींचं हक्कसोडपत्र आणि लेआउटचा नकाशा आधी. तोवर त्या भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख टाकू दे म्हणावं. भिंत हलली की काच तडकेल. तो तयार झाला तर माणूस सरळ आहे, घर दुरुस्त होण्याजोगं असेल तर खर्च किमतीतून कापून घेता येईल. भडकला, तर इसार कसा सोडवायचा ते वकिलाकडे बसून पाहू. मी येतो सोबत.

आणि घर पाहायला पुन्हा जाशील तेव्हा दिवसा जा. सोबत बॅटरीचा दिवा घे. बाबांना घे. ते भिंतीकडे पाहणार नाहीत, आधी अंगणातली माती हातात घेतील. तेव्हा मध्ये बोलू नकोस.

लाव फोन. काय पाहतोस माझ्याकडे?